वर्तुळात कोण बसतं

"कीर्तन, लळीत, चित्रकथी. एवढं सगळं आपल्याकडे असताना तू तिकडून येऊन आम्हाला डिजिटल स्टोरीटेलिंग काय शिकवणार?" दादानं, माझ्या मामेभावानं, फोनवर विचारलं. तो कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राध्यापक आहे. मी इथे वेल्समध्ये, कार्डिफला, विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांसाठी या कार्यशाळा घेते. सुट्टीत आले की तुमच्याकडेही एक घेते, पैसे नकोत, असं मी म्हटलं होतं. त्याचा पुढचा प्रश्न मला जास्त लागला. "प्रमाणपत्र मिळेल ना? सीएएसला चालेल?" सीएएस म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची योजना.

चित्रकथीचं त्यानं बरोबर सांगितलं. आम्ही कुडाळचे, पिंगुळी हाकेच्या अंतरावर. तिथले ठाकर कलावंत एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मी इथल्या सगळ्यांना कौतुकानं सांगत होते. माझ्या कार्यशाळेचं सामानही तेवढंच असतं: चित्रं आणि आवाज. अडीचशे शब्दांचा मजकूर, डझनभर फोटो, त्यांची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत. फक्त गोष्ट रामाची नसते, सांगणाऱ्याची स्वतःची असते. ही पद्धत कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या साथीदारांनी १९९०च्या दशकात बसवली. वेल्समध्ये डॅनियल मेडोज यांनी २००१पासून बीबीसीच्या 'कॅप्चर वेल्स' या उपक्रमातून ती गावोगावच्या माणसांपर्यंत नेली.

पहिल्या दिवशी मी संगणक उघडूच देत नाही. सगळ्यांनी वर्तुळात बसायचं, आपली गोष्ट सांगायची, मध्ये कोणी बोलायचं नाही. काही सुचवायचं असेल तर "ही माझी गोष्ट असती तर" अशीच सुरुवात करायची. गेल्या रीडिंग वीकमध्ये, म्हणजे सत्राच्या मध्ये तास नसतात त्या आठवड्यात, या वर्तुळात दोन प्राध्यापक होते, हिशेब खात्यातली एक बाई, ग्रंथालयातली एक मुलगी आणि एक पोर्टर, म्हणजे इमारतीची दारं उघडणारा, देखरेख करणारा कर्मचारी. परीक्षेच्या सकाळी सहाला दार उघडताना पायरीवर रडत बसलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट पोर्टरनं सांगितली. एक प्राध्यापक नऊ वर्षं रोज त्या पोर्टरसमोरून जात होते. त्याचं नाव त्यांना त्या दिवशी कळलं.

दादा, हे आपल्याकडे कुठे होतं ते सांग. आपल्या कार्यशाळेत दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविकात सकाळ सरते. पुढची रांग सोफ्यांची. शिपाईमामा चहा फिरवतात, त्यांना कोणी खुर्ची देत नाही. कागदोपत्री त्यांचं नावच 'शिक्षकेतर', म्हणजे जे शिक्षक नाहीत ते. कीर्तनाचा वारसा सांगायचा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाची गजाल, म्हणजे त्याची गोष्ट, ऐकायची नाही, याची मला चीड येते.

इथेही पहाटे पाचला येऊन आठला घरी जाणाऱ्या सफाईच्या बायका माझ्या वर्तुळात अजून आलेल्या नाहीत. दादाशी भांडताना मी हे बोलले नाही.

आणखी एक. ग्रंथालयातल्या त्या मुलीनं आपली गोष्ट सरळ वेल्शमध्ये ध्वनिमुद्रित केली, खाली इंग्रजी ओळी टाकल्या. कोणाला विचारलंही नाही. "घरी बोलता तसं बोला" असं सगळ्यांना सांगणारी मी. मी स्वतःची गोष्ट चार वर्षांपूर्वी इंग्रजीत केली होती. परवा ती पुन्हा ऐकली. त्या आवाजातल्या बाईला कुडाळात कोणी ओळखणार नाही.

ती गोष्ट बाबांची होती. बाबा एकतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. परीक्षेचे फॉर्म, फीच्या पावत्या, बोनाफाइड. त्या खिडकीत दिवसभर काय काय घडायचं हे मीही त्यांना कधी विचारलं नाही. जे मला आठवत होतं तेवढंच मी सांगितलं, आणि तेही त्यांना न समजणाऱ्या भाषेत.

डिसेंबरात माइक घेऊन जातेय. कॉलेजात कार्यशाळा होवो न होवो, बाबांना मराठीत बोलतं करायचं आहे. ते मालवणीत बोलले तर त्याहून बरं. फोटोंचीच अडचण आहे. एकतीस वर्षांत कॉलेजात त्यांचा एकच फोटो काढला गेला, निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतानाचा.