फोरमनलाच मॅनेजर का करू नये? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अडचणीतल्या फाउंड्रीनं (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यानं) सहा महिन्यांसाठी बाहेरून कारभारी नेमावा, या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: 'महिना अडीच लाख देण्यापेक्षा वीस वर्षांच्या जुन्या फोरमनला मॅनेजर करा. बाहेरचा येतो, तक्ते करतो, जातो.'

तक्ते करून जाणारे पुष्कळ आहेत, खरं आहे. पण ते सल्लागार. मी म्हणतोय तो माणूस सकाळच्या पहिल्या हीटला, म्हणजे धातूच्या पहिल्या वितळणीला, भट्टीजवळ असतो आणि त्याच्या सहीशिवाय खरेदी होत नाही.

आता पैशाचं बघू. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका शॉपमध्ये महिना 150 टन माल निघतो, रिजेक्शन (खराब निघणारा माल) 8 टक्के. ते 5 वर आणलं तर साडेचार टन वाचले. रिजेक्ट माल पुन्हा भट्टीत जातो, म्हणून धातूची किंमत धरायची नाही. बुडते ती वीज, साच्याची वाळू, ती धरून ठेवणारा बाइंडर, मजुरी आणि वितळताना होणारी घट. किलोला 20 रुपये धरले तर 90 हजार. म्हणजे नुसत्या रिजेक्शनवर त्याचा पगार निघत नाही, इथं तुमचं बरोबर. 40 टनांच्या शॉपनं तर आठवड्याला दोन दिवस येणाराच बघावा.

खरी गळती भावात असते. आपल्याकडं भाव किलोवर ठरतो. बिनकोअरचा (कोअर म्हणजे नगात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) जड नग आणि तीन कोअरचा हलका नग जवळपास एकाच भावात जातात, आणि दुसऱ्यात कोअर, फेटलिंग (ओतलेल्या नगाची साफसफाई), रिजेक्शन तिन्ही जास्त. नगवार खर्च काढला की तोट्यातले नग उघडे पडतात. असा 12 टन माल किलोमागं 10 रुपये खात असेल तर महिन्याला 1 लाख 20 हजार गेले. मग भाव वाढवून मागायचा, नाहीतर पॅटर्न (साचा करायचा नमुना) परत देऊन ते काम सोडायचं. मालकाच्या पंधरा वर्षांच्या पार्टीला (गिऱ्हाईक कंपनीला) हे तोंडावर सांगायची ताकद फोरमनला कोण देणार? शिवाय त्याला केबिनमध्ये बसवलं की वाळूची ओल रोज बघणारा हातही गेला.

पहिल्या पंधरवड्यात तेरा आठवड्यांची रोकड आठवड्यागणिक मांडायची: पगार, वीजबिल, पीएफ, जीएसटी, हप्ते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात. एप्रिल 2024 पासून मुदत चुकवणाऱ्या पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. आपली तशी नोंदणी असेल तर वसुलीला गेल्यावर हे शांतपणे सांगायचं. बँकेकडं मात्र हप्ता थकून 30 दिवस व्हायच्या आत जायचं. 90 दिवस उलटले की खातं एनपीए (बुडीत कर्ज) होतं आणि बोलायला जागा उरत नाही.

बहुतेक वेळा हे फसतं ते मालकामुळं. पार्टीचा फोन येतो, मालक दुपारी शॉपमध्ये उतरून ठरलेला प्लॅन फिरवतो. ग्रे आयर्नच्या (साध्या बिडाच्या) मध्येच एसजीची (मॅग्नेशियम घातलेल्या बिडाची) हीट घुसते, दोन्हींचे रनर-रायझर (ओतताना नगाला जोडून राहिलेला, पुन्हा वितळवायचा धातू) एकत्र पडतात, आणि मॅग्नेशियमवाला परतीचा माल ग्रेच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, जाऊन तो बिघडवतो. म्हणून नेमणूकपत्रात खर्चाची मर्यादा, भरती आणि रोजच्या प्लॅनचा अधिकार स्पष्ट लिहा, आणि सगळ्या सुपरवायझरांसमोर मालकानं ते स्वतः वाचून दाखवावं. घरातला जो कुणी खरेदी बघतो, त्याच्याही समोर.

तुमचा फोरमन यात हवाच. पहिल्या दिवसापासून त्याला नगवार खर्चाच्या हिशेबाला बसवा, चौथ्या महिन्यापासून सकाळची बैठक त्याच्याकडं द्या, सहाव्यात पार्टीशी भावाचं बोलणं त्यालाच करू द्या. बाहेरचा माणूस तेव्हा फक्त शेजारी बसेल.