जुन्या फाइली ‘जेपीजी करून पुसून टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रत्नागिरी, देवगड, सावंतवाडीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. स्टुडिओवाले, प्रेसवाले, आंबा बागायतदार सगळेच तो पुढे पाठवताहेत. म्हणे पीसीएक्स, बीएमपी, टिफ या प्रकारांतल्या चित्रांच्या जुन्या फाइली आता उघडणार नाहीत. सगळं जेपीजी करा, क्वालिटी तीच राहते, जागा वाचते. फाइलच्या नावाचा शेवट नुसता बदलून .jpg केला तरी चालतं. आणि मग मूळ फाइली पुसून टाका. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

‘उघडणार नाहीत’ : टिफची ६.० ही आवृत्ती १९९२ ची, आणि आजचे स्कॅनरही टिफ देतात. पीसीएक्स त्याहून जुना, डॉसच्या काळातल्या पीसी पेंटब्रश या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमचा. तोही इरफानव्ह्यू, गिंप, इमेजमॅजिक या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये आज बिनतक्रार उघडतो. घाई करायचीच तर फ्लॉपी आणि सीडींची करा. आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. त्यांतल्या फाइली आधी हार्ड डिस्कवर उतरवा, फॉरमॅटचं नंतर बघता येईल.

‘नाव बदललं की झालं’ : बीएमपी फाइलची सुरुवात बी आणि एम या अक्षरांनी होते, टिफची आय-आय किंवा एम-एमने. नाव बदलल्याने आतला एक बाइटही हलत नाही. काही प्रोग्रॅम नाव न बघता ही सुरुवातीची अक्षरं वाचून फाइल उघडतात, म्हणून जेपीजी झाली असं वाटून माणसं फसतात.

‘क्वालिटी तीच’ : सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हापूसच्या पेटीवरच्या लेबलची एखादी जुनी पीसीएक्स घ्या: २५६ रंग, सपाट पिवळ्यावर लाल अक्षरं. तिची जेपीजी करा आणि चारशे टक्के मोठी करून बघा. ‘देवगड’च्या मात्रेभोवती मळकट ठिपके दिसतील, लाल रंग कडेने पिवळ्यात उतरलेला दिसेल. जेपीजी चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देते. समुद्राच्या फोटोत ते खपतं, अक्षरांच्या धारदार कडांवर खपत नाही. शिवाय दर वेळी दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केलं की थोडं आणखी जातं. अशा फाइलींची पीएनजी करावी; हा तपशील न टाकणारा प्रकार. ठिपक्याला ठिपका तसाच राहतो.

केल्यावर रंग मात्र मुळाशी ताडून बघा. २५६ रंगांच्या पीसीएक्समध्ये रंगांची यादी फाइलच्या अगदी शेवटच्या ७६८ बाइटांत असते. फ्लॉपीवरून कॉपी अर्धवट झाली असेल तर चित्र उघडतं, पण रंग भलतेच येतात.

‘जागा वाचते’ : खरेदीखतं, फेरफार, सातबारे यांचे स्कॅन बहुधा काळ्या-पांढऱ्या टिफमध्ये असतात. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-४ पानाचे सुमारे ८७ लाख ठिपके होतात, आणि काळा की पांढरा एवढंच सांगायला एका ठिपक्याला एकच बिट लागतो. त्यावर फाइल आवळण्याची, फॅक्ससाठी बनवलेली ग्रुप ४ ही पद्धत वापरली की टाइप केलेलं पान शंभर केबीच्या आतच बसतं. जेपीजीत एका बिटाची सोयच नाही; तेच पान करड्या छटांचं होतं आणि फाइल उलट कितीतरी पट फुगते. शिवाय एका टिफमध्ये अनेक पानं असू शकतात, जेपीजीत एकच मावतं. दहा पानांच्या खताचं पहिलंच पान सेव्ह झालं आणि मूळ पुसलं, तर उरलेली नऊ कुठून आणणार?

प्रेसवाल्यांसाठी आणखी एक: छपाईच्या चार रंगांतल्या, म्हणजे सीएमवायके टिफ तशाच ठेवा. पीएनजीतही ते चार रंग बसत नाहीत.

‘मूळ पुसून टाका’ : हे कुणीही करू नये. जेपीजीने टाकलेला तपशील परत आणता येत नाही, मूळ असलं तरच पुन्हा नीट रूपांतर करता येतं. आणि मूळ एकाच जागी ठेवू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत, दुकानादुकानांत शिरलं. तळमजल्यावरचं सगळंच भिजलं. एक प्रत वरच्या मजल्यावर ठेवा, दुसरी मुंबईतल्या नातेवाइकांकडे.