किंमत सत्तावीस कोटी, मर्जी कुणाची?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत बॉस्टनमध्ये बेसबॉलचा एकही सामना होत नाही, आणि बेसबॉलवर सगळ्यात जास्त बोललं जातं ते याच चार महिन्यांत. डिसेंबरात दुपारी सव्वाचारला अंधार पडतो. बेसबॉलच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, बर्फ असतं. आणि ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी उभी असलेली शहाणीसुरती माणसं, एखाद्या खेळाडूशी आठ वर्षांचा करार करायचा की पाच वर्षांचा, यावर स्वतःच्या खिशातले पैसे जाणार असल्यासारखी हमरीतुमरीवर येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेड सॉक्सचं, म्हणजे बॉस्टनच्या संघाचं, सामान भरलेला ट्रक फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला सरावासाठी निघतो, तर त्या ट्रकला निरोप द्यायला थंडीत कुडकुडत गर्दी जमते. खेळाडूंना नव्हे, ट्रकला! चेंडू, बॅटी आणि सूर्यफुलाच्या बियांची खोकी घेऊन जाणाऱ्या ट्रकला.

मी सांगलीची. आमच्याकडे ही सगळी भानगड दोन दिवसांत उरकते. आयपीएलचा लिलाव होतो, हातोडा पडतो, आणि तिसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर ठरलेले दोन वाद सुरू होतात. पहिला, एवढे पैसे कशाला? दुसरा, निष्ठा म्हणून काही उरलीय का? नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला ऋषभ पंतवर सत्तावीस कोटींची बोली लागली, तेव्हा माझ्या मामाने त्यातून किती शाळांचे पत्रे बदलता आले असते याचा हिशोब मांडला होता. त्याच्या आदल्या वर्षी हार्दिक पंड्या गुजरात सोडून मुंबईला आला आणि रोहित शर्माचं कर्णधारपद गेलं, तेव्हा तर घरात सुतकच. वानखेडेवर स्वतःच्याच नव्या कर्णधाराची हुर्यो उडवली गेली. ‘आपला रोहित’ हे शब्द त्या दिवसांत मी इतक्या वेळा वाचले! आपला खराच, बोरिवलीचा. पण तो मुंबईच्या संघात आला २०११ च्या लिलावातून. त्याआधी तीन वर्षं तो हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडे होता. तेव्हा कुणी मुंबईशी बेइमानी वगैरे म्हटल्याचं मला आठवत नाही.

इथे बॉस्टनमध्ये राहून हे दोन्ही वाद मला पोकळ वाटायला लागलेत. रक्कम आणि निष्ठा यांच्या मधे एक तिसरा प्रश्न आहे, तो आपण विचारतच नाही. कुठे खेळायचं हे ठरवतं कोण?

रेड सॉक्सचेच काही हिवाळे सांगते. २०१८ मध्ये संघ विश्वविजेता झाला, मुकी बेट्स लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला अदलाबदलीत लॉस एंजेलिस डॉजर्सला देऊन टाकलं. पुढच्या मोसमानंतर तो करारातून मोकळा होणार होता आणि त्याला लागणारे पैसे मालकांना मोजायचे नव्हते. मालक काही गरीब नाहीत, लिव्हरपूल फुटबॉल क्लबही त्यांचाच. बेट्सने डॉजर्सबरोबर बारा वर्षांचा साडेछत्तीस कोटी डॉलरचा करार केला आणि तिथे तीनदा विश्वविजेता झाला. डिसेंबर २०२२ मध्ये झँडर बोगार्ट्स सॅन डिएगोला गेला, अकरा वर्षं आणि अठ्ठावीस कोटी डॉलर. मग लोकांचा संताप पाहून म्हणा किंवा उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणा, पुढच्याच महिन्यात राफाएल डेव्हर्सशी एकतीस कोटी डॉलरहून मोठा करार झाला. शहराने सुटकेचा श्वास सोडला. आता हा तरी म्हातारा होईपर्यंत इथेच.

त्यानंतर जे झालं ते टीव्हीवरच्या मालिकेत दाखवलं तर आपण लेखकाला नावं ठेवू. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाने अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणलं. तो तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा, आणि डेव्हर्सही तिथलाच. डेव्हर्सला जागा सोडून फक्त फलंदाजी करायला सांगितलं. तो फुरंगटला. मे महिन्यात पहिल्या बेसवरचा खेळाडू जायबंदी झाला, तर आता तिथे उभा राहा म्हणाले. तो नाही म्हणाला. १५ जून, रविवार, यांकीजविरुद्ध डेव्हर्सने होम रन मारला, संघ जिंकला, आणि त्याच संध्याकाळी त्याची रवानगी सॅन फ्रान्सिस्कोला झाल्याची बातमी आली. बरं, ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तो ब्रेगमन? मोसम संपताच करारातल्या कलमाचा आधार घेऊन तो मोकळा झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये पाच वर्षांसाठी शिकागो कब्जला गेला. बॉस्टनशी बोलणी फिसकटली त्यात एक मुद्दा होता, असं इथल्या वार्ताहरांनी लिहिलं: परवानगीशिवाय मला दुसऱ्या संघाला देणार नाही, हे कलम करारात घाला, असा त्याचा आग्रह होता. डेव्हर्सचं काय झालं ते त्याने शेजारी उभं राहून पाहिलेलं. मी त्याच्या जागी असते तर तेच मागितलं असतं.

हे कलम मागता येणं, ‘नको, मी शिकागोला जातो’ म्हणता येणं, यासाठी इथे एका माणसाने आपली कारकीर्द पणाला लावली. कर्ट फ्लड, सेंट लुई कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. जुन्या करारांत एक राखीव कलम असायचं, त्यामुळे खेळाडू एकदा सही केली की मालक सोडेल तेव्हाच सुटायचा. १९६९ मध्ये फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला. त्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिलं, त्याचा आशय असा की मी कुणाची मालमत्ता नाही, माझी मर्जी न विचारता मला विकता येणार नाही. तो कृष्णवर्णीय होता आणि वर्षाला नव्वद हजार डॉलर कमवत होता, त्या काळात ही फार मोठी रक्कम. एवढे पैसे मिळत असताना तक्रार कसली, असं त्याला विचारलं गेलं. भरपूर पगार मिळणारा गुलामही गुलामच, असं तो म्हणाला. सर्वोच्च न्यायालयात १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ असा हरला. १९७० चा मोसम त्याने घरी बसून घालवला, परत आल्यावर जेमतेम तेरा सामने खेळला, आणि संपला. पण खेळाडूंची संघटना त्याच्या मागे उभी होती. १९७५ मध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या दाव्यात लवादाने ते राखीव कलम मोडीत काढलं. आज सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा. दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात असतील, तर त्याच्या संमतीवाचून त्याला कुठेही धाडता येत नाही.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मला सुचवायचं नाही. सहा वर्षं व्हायच्या आत माणूस पूर्णपणे मालकाच्या हातात असतो. त्यातल्या शेवटच्या तीनेक वर्षांत पगारावर एकमत झालं नाही तर लवादापुढे सुनावणी होते, आणि तिथे संघाचे वकील आपल्याच खेळाडूसमोर बसून तो किती कमी लायकीचा आहे हे मांडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिलवॉकीचा गोलंदाज कॉर्बिन बर्न्स साडेसात लाख डॉलरच्याही आतल्या फरकासाठी असा हरला. ऐकावं लागलं ते जिव्हारी लागलं, हे त्याने उघडच सांगितलं. वर्षभरात तो तिथून गेला. आणि अदलाबदलीत तर आयपीएल चक्क पुढे आहे, कारण तिथे खेळाडूची संमती लागते. गेल्या नोव्हेंबरात जडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला आणि संजू सॅमसन उलट दिशेने, ते दोघांनी हो म्हटल्यावर. डेव्हर्सला कुणी विचारलं नव्हतं.

लिलावात मात्र उलटं. तिथे खेळाडूला फक्त नाव द्यायचं का आणि मूळ किंमत किती, एवढंच ठरवता येतं. माझा मामा सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकान चालवायचा, हळदीच्या सौद्यांत त्याची हयात गेली. लिलावावर तो तावातावाने बोलत होता तेव्हा मी विचारलं, “मामा, सौद्यात भाव पटला नाही तर शेतकरी काय करतो रे?”

“काय करणार? माल देत नाही. पोती उचलून घरी नेतो.”

“आणि घेणारा पटला नाही तर?”

तो थांबला. मग म्हणाला, “तू काय गं, आता खेळाडूला पोत्यात घालतीस?”

पण मुद्दा त्याला कळला होता. आयपीएलमध्ये बोली लागल्यावर परदेशी खेळाडूने सबळ कारणाशिवाय अंग काढून घेतलं तर दोन वर्षं बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर ती आलीच. मोठ्या लिलावांच्या मधल्या वर्षांत होणाऱ्या छोट्या लिलावात परदेशी खेळाडूवर बोली कितीही चढो, त्याच्या हातात अठरा कोटींच्या वर काही पडत नाही. गेल्या डिसेंबरात कोलकात्याने कॅमेरून ग्रीनवर २५.२० कोटी लावले, अठराच्या वरचे बोर्डाकडे गेले, खेळाडूंच्या कल्याणासाठी. हा नियम खेळाडूंशी बोलणी करून ठरलेला नाही, कारण बोलणी करायला समोर कुणी नाहीच. भारतात क्रिकेटपटूंची संघटना २०१९ मध्ये झाली, पण ती निवृत्तांची. आज खेळतोय त्याच्या वतीने बोलणारं कुणीही नाही. शाळांच्या पत्र्यांचा हिशोब करणाऱ्यांना हे कसं खटकत नाही, याचं मला नवल वाटतं.

स्मृती मानधनाचं उदाहरण तर आमच्या घरचंच. फेब्रुवारी २०२३, महिलांच्या लीगचा पहिला लिलाव, आणि पहिल्याच काही मिनिटांत आमच्या सांगलीची पोरगी ३.४० कोटींना गेली, त्या दिवसातली सगळ्यात मोठी बोली. तिच्यासाठी मुंबई आणि बंगळूर भिडले होते. मुंबई थांबली म्हणून ती बंगळूरची झाली. दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकासाठी गेलेल्या मुली हॉटेलात टीव्हीसमोर बसून नाचत होत्या, आणि मीही इथे बर्फात नाचले. तिला मुंबई हवी होती की बंगळूर, की काहीच फरक पडत नव्हता, हे कुणी विचारलंच नाही. मी तरी कुठे विचारलं.

यावर मामाचं उत्तर कच्चं नाही. तो म्हणतो, मर्जीवर सोडलंस तर सगळे मुंबईला जातील. सांगलीसारख्या गावात कोण येईल? हातोडा आणि खर्चायला सगळ्यांना सारखी थैली, म्हणून तर जयपूरलाही संघ टिकतो. गंमत म्हणजे या हिवाळ्यात अमेरिकेत अगदी हेच बोललं जातंय. इथे खर्चाला कमाल मर्यादा नाही. ठराविक आकड्याच्या पुढे गेलात तर दंडकर भरायचा, बास. डॉजर्स तो हसत भरतात. त्यांनी ओहतानीला सत्तर कोटी डॉलर दिले, पैकी अडुसष्ट नंतर द्यायच्या बोलीवर, आणि २०२४ व २०२५ असे सलग दोनदा ते जिंकले. पिट्सबर्गमध्ये पॉल स्कीन्स नावाचा अफाट गोलंदाज तयार झालाय, तर लोक आत्तापासून तो कधी जाणार याचीच चर्चा करतात. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना आयपीएलसारखी थैली हवी आहे. त्यांना आयपीएल माहीत नाही, पण हवी तीच.

तरी आकडे मामाच्या बाजूने पूर्ण बोलत नाहीत. सारखी थैली असूनही आयपीएलच्या २०२५ पर्यंतच्या अठरा मोसमांपैकी दहा मुंबई आणि चेन्नई या दोघांनीच जिंकले. त्याच अठरा वर्षांत थैली नसलेल्या बेसबॉलमध्ये बारा वेगवेगळे संघ विजेते झाले, कॅन्सस सिटीसारखं मध्यम गावसुद्धा. सलग दोन विजेतेपदं तर २००० नंतर थेट २०२५ मध्ये आली. संघ तीस आहेत, तेव्हा तुलना अगदी चोख नाही हे मान्य. पण मर्यादा घातली की छोट्या गावांचं भलं होतं, हे सांगणारा बहुतेक वेळा संघाचा मालक असतो, आणि वाचलेले पैसे गावाला मिळत नाहीत.

कदाचित मी खेळाडूंकडे झुकते त्याला माझीही कारणं असतील. व्हिसा मालकाच्या नावाने असतो तेव्हा नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, हा नियम इथे आलेल्या प्रत्येक मराठी घराला पाठ असतो. पगार उत्तम असतो. पगाराबद्दल कुणी तक्रारच करत नाही.

१ डिसेंबर २०२६ ला बेसबॉलचा मालक-खेळाडू करार संपतोय. मालकांना संघाच्या खर्चावर मर्यादा हवी आहे आणि संघटनेने ती आजवर कधी मान्य केलेली नाही. १९९४ मध्ये याच वादात संप झाला, त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिकाच झाली नाही. मागच्या खेपेला, २०२१-२२ च्या हिवाळ्यात, मालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवून नव्याण्णव दिवस टाळं लावलं होतं. या वेळी त्याहून लांबेल असा माझा अंदाज आहे, आणि लांबलं तरी संघटनेने मागे हटू नये असं मला वाटतं, फेनवे एप्रिलमध्ये रिकामं राहिलं तरी चालेल. परवा फोनवर मामाला हे सांगितलं.

“मग एप्रिलमध्ये काय बघशील?”

“आयपीएल,” मी म्हटलं.

मामा हसला तो खोकला येईपर्यंत.