डबा तोच, आतला माल वेगळा

आज सकाळी ताईचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "तू म्हणाली होतीस ना, थांब, अजून स्वस्त होईल?"

म्हणाले होते. छातीठोकपणे म्हणाले होते. तिला व्हिडिओ एडिटिंगसाठी दोन टेराबाइटची एसएसडी (फायली साठवायची, फ्लॅश मेमरीच्या चिपांवर चालणारी वेगवान ड्राइव्ह) हवी होती आणि मी म्हटलं, घाई कसली, फ्लॅश मेमरीचे भाव पडायलाच जन्माला आलेत. आज तीच ड्राइव्ह दुपटीच्या वर गेलीय. ताईने स्क्रीनशॉट पाठवला, खाली एक अक्षर नाही. मोठ्या बहिणींना अक्षरं लागत नाहीत.

मग फेसबुक उघडलं तर इथेही तेच चाललेलं. "लुटारू आहेत सगळे", "एआयच्या नावाखाली गळे कापतायत". अर्धा तास मीही असंच काहीतरी टाइप करत होते. मग ताईची आधीची ड्राइव्ह आठवली आणि सगळं खोडलं. राग आहेच, पण तो भाववाढीवर नाहीये. तो दोन वर्षं जुना आहे.

२०२३ मध्ये मी एक एसएसडी घेतली होती. मातीमोल भावात. तुमच्यापैकी कित्येकांनी घेतली असेल, आपण एकमेकांना लिंका पाठवत होतो. घरून काम करण्याच्या लाटेत फोन-लॅपटॉप तुफान खपले होते, मग खप आपटला आणि चिपांनी गोदामं भरली. आता कुणीही म्हणेल, मग कारखाना बंद ठेवा. तिथेच तर गोम आहे. चिपचा कारखाना उभारायलाच अब्जावधी डॉलर जातात, सगळा खर्च आधीच होऊन बसलेला असतो. मशीन थांबवलं तरी कर्ज थांबत नाही. एक वेफर (जिच्यावर चिपा कोरतात ती सिलिकॉनची चकती) आत गेली की तयार होऊन बाहेर यायला काही महिने. त्यामुळे तोट्यातही सगळे माल काढत राहतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा धीर कधी सुटतो याची वाट बघतो. २०१२ मध्ये तोशिबाचा सुटला, त्यांनी जपानमधल्या योक्काइचीच्या कारखान्यात ३० टक्के उत्पादन कापलं होतं. सॅमसंग असल्या वेळी सहसा हटत नाही, पण एप्रिल २०२३ मध्ये त्यांनीही उत्पादन कमी करतोय असं जाहीर केलं. त्या वर्षी त्यांच्या चिप विभागाचा तोटा होता जवळपास १५ लाख कोटी वॉन.

म्हणजे मी जी ड्राइव्ह "काय डील मिळाली" म्हणून मिरवत होते, ती कुणाच्या तरी तोट्यातून आलेली होती. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही, धंदा आहे त्यांचा.

पण ताईचं ऐका. माझी बघून तिने काही महिन्यांनी तीच घेतली. तीच कंपनी, तेच मॉडेल, डब्यावर तोच आकडा. दीड महिन्याने तिने शूटिंगचं सगळं फुटेज त्यावर टाकायला घेतलं. सुरुवात वाऱ्यासारखी. मग मध्येच ड्राइव्ह अशी बसली की जुनी हार्ड डिस्क बरी. ताईला वाटलं तिचंच काही चुकलं. रात्री अकराला फोन: "अगं, माझ्या केबलमध्ये काही खराबी असेल का?" मी दोन केबली बदलायला लावल्या. पोर्ट बदलायला लावला. शेवटी एका फुकटच्या प्रोग्रॅमने दोन्ही ड्राइव्हचं पोट तपासलं. माझ्यात टीएलसी, तिच्यात क्यूएलसी. कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, तीसुद्धा वेगळी.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लॅशच्या प्रत्येक पेशीत विद्युतभार कोंडलेला असतो. पेशीला पेला समजा आणि भाराला पाणी. पेल्यात पाणी आहे की नाही एवढंच ओळखायचं असेल तर चूक होणं कठीण. ती एसएलसी, पेशीत एक बिट. टीएलसीत तीन बिट, म्हणजे पाण्याच्या आठ पातळ्या. क्यूएलसीत चार बिट आणि सोळा पातळ्या. तेवढ्याच पेशींत जास्त माल मावतो, पण भरताना जपून भरावं लागतं, म्हणून वेळ लागतो, आणि पेशी लवकर झिजतात. हा संथपणा लपवायला ड्राइव्ह थोडा भाग एसएलसीसारखा वापरते. तो भरेपर्यंत सगळं झकास. परीक्षणं लिहिणारे बहुतेक वेळा सुरुवातीच्या बॅचचा माल तपासतात, आणि आपण ती वाचून दोन वर्षांनी खरेदी करतो.

क्यूएलसी वाईट नाही, मान्य. एवढी जागा एवढ्या स्वस्तात त्यामुळेच मिळते. पण मग नाव बदला ना! आतली चिप बदलली, कंट्रोलर बदलला, वेग पडला, आणि डब्यावर अक्षरही हललं नाही? कंपनीला ईमेल केली तर उत्तर आलं की पूर्वसूचनेशिवाय तपशील बदलण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. वा! हक्क त्यांचा, आणि मध्यरात्री केबल बदलत बसायची ताईने.

स्पर्धेने गिऱ्हाइकाचं भलं होतं म्हणतात. कुठली स्पर्धा? फ्लॅश चिप मोठ्या प्रमाणावर बनवणारे जगात सहा जण: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. त्यातही किओक्सिया आणि सॅनडिस्क एकाच सामायिक कारखान्यांतून माल उचलतात. इंटेलने आपला फ्लॅशचा धंदा हायनिक्सला विकून टाकला. वायएमटीसीला अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये निर्बंधांच्या यादीत घातलं. आणि ही मंडळी अगदी साव आहेत असंही नाही. फ्लॅशची चुलत बहीण डीरॅम (कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी), तिच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल सॅमसंगने २००५ मध्ये अमेरिकेत ३० कोटी डॉलर दंड मान्य केला होता.

आताच्या भाववाढीत तसं काही नसेल. एआयचे सर्व्हरवाले जे मिळेल ते उचलतायत, हे दिसतंच आहे. रांगेत पैसेवाला पुढे हे जुनंच आहे. ॲपलने २००५ मध्येच पाच चिप कंपन्यांना मिळून सव्वा अब्ज डॉलर आगाऊ मोजून माल बांधून घेतला होता. पण मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करतोय म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र मला लागलं. म्हणजे आपण रांगेत शेवटचेही नाही. आपल्यासमोर खिडकीच बंद.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण मासुओका आठवले. फुजिओ मासुओका, तोशिबातले इंजिनिअर, यांनीच फ्लॅश शोधली. १९८४ मध्ये जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार, जो आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. क्षणात पुसली जाते म्हणून एका सहकाऱ्याने कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून नाव सुचवलं. त्यांना आपल्या वाट्यासाठी स्वतःच्याच कंपनीवर खटला भरावा लागला. २००६ मध्ये तडजोड झाली, ८ कोटी ७० लाख येनवर. आणि २०१८ मध्ये तोशिबाने तो मेमरीचा धंदा विकला, सुमारे २ लाख कोटी येनला. (विकायची पाळी अणुभट्ट्यांच्या धंद्यातल्या तोट्याने आणली, मेमरीने नाही, हेही सांगायला हवं.) त्याचीच आज किओक्सिया झालीय. नावात जपानी 'किओकु' आहे, म्हणजे आठवण. या धंद्याने शोधणाऱ्यालाही भरभरून काही दिलं नाही, तिथे ताईच्या फुटेजची काय कथा.

तर भाव चढू देत, पडू देत. मला त्याचं सुतक नाही. पडतीच्या काळात मी टाळ्या वाजवल्यात, आता बोंब मारायचा मला फारसा हक्क नाही. मला फक्त डब्यावर लिहून हवंय, आत काय आहे ते. टीएलसी की क्यूएलसी, सुरुवातीचा भाग भरल्यावर वेग किती. बदललं तर नवं नाव. "परवडत नाही, सगळे तसंच करतात" हे मला कमेंटमध्ये सांगू नका. पडत्या बाजारात चार पैसे वाचवायला आत हलकी चिप घालायची युक्ती ज्यांना सुचते, त्यांना एक ओळ छापणंही सुचेल. आणि बघाच तुम्ही, आता चिप महाग झाल्यावर हा प्रकार आणखी वाढणार. तेव्हा घेतल्या घेतल्या एकदा ड्राइव्ह पूर्ण भरून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत. ताईने दीड महिन्याने भरली होती.

नवीन ड्राइव्ह ती घेणार नाहीये. आत्ता तिचा मेसेज आला: "जागा करतेय. २०१९ चं सगळं फुटेज उडवतेय. तुला त्यातलं काही हवंय का?"

मी 'थांब' टाइप केलं, आणि खोडलं. मग लिहिलं, माझ्या ड्राइव्हवर थोडी जागा आहे, घेऊन येते.