'मॅक्सिमम परफॉर्मन्स' लावलं की इम्युलेटर पळतो म्हणे

"इम्युलेटर अडखळतोय? एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट मोड 'प्रीफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' करा, आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटचा स्लायडर फुल्ल उजवीकडे सरकवा, एफपीएस डबल, स्टटर गायब, कार्डाला काही होत नाही." हा सल्ला सध्या जिथे तिथे चिकटवला जातोय. (इम्युलेटर म्हणजे कन्सोलचे गेम पीसीवर चालवणारा प्रोग्राम, आफ्टरबर्नर म्हणजे ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलायचं टूल, एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, स्टटर म्हणजे खेळताना बसणारे झटके.) यात एक गोष्ट खरी आहे, पण जी सांगायला हवी नेमकी तीच कुणी सांगत नाही, म्हणून एकेक करून बघू.

एफपीएस डबल. कसे होणार बाबा? कन्सोलचा गेम साधारण ३० किंवा ६० ला बांधलेला असतो, पाल (युरोपातलं टीव्ही मानक) व्हर्जन असेल तर २५ नाहीतर ५०, आणि बऱ्याच जुन्या गेममध्ये तर आतलं घड्याळच त्या फ्रेमवर चालतं. इम्युलेटरचा स्पीड १०० टक्के दिसतोय ना, मग विषय संपला, त्यापुढे कार्डाला कितीही वीज पाजा ६० चे १२० होत नाहीत, आणि फास्ट फॉरवर्डने केलेच तर बहुतेक गेममध्ये हिरो दुप्पट वेगाने पळत सुटतो. स्पीड १०० च्या खाली असेल तर काहीतरी कमी पडतंय हे खरं, पण ते बहुतेक वेळा प्रोसेसर असतं. पीएस३ चंच घ्या, त्याच्या सेल चिपमध्ये एक मुख्य कोअर आणि गेमला मिळणारे ६ एसपीयू (मदतनीस कोअर), ह्या सगळ्यांचं काम आरपीसीएस३ (पीएस३ चा इम्युलेटर) तुमच्या सीपीयूकडून करून घेतो, ग्राफिक्स कार्ड त्यात बोटही लावत नाही. पीसीएसएक्स२ (पीएस२ चा इम्युलेटर) मध्ये स्क्रीनवर सीपीयू वापर चालू केला की ईई (मुख्य प्रोसेसर), जीएस (ग्राफिक्स), व्हीयू (गणिताची युनिट) असे वेगवेगळे आकडे दिसतात, त्यात ईई १०० ला टेकलाय आणि गेम हळू चालतोय तर कार्डाच्या सेटिंगमध्ये कितीही उकरा, काही हाती लागणार नाही. आणि "पण माझा सीपीयू तर २० टक्केच वापरला जातोय" हे सांगू नका, १६ थ्रेडच्या (एकाच वेळी १६ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण जाम झाला तरी टास्क मॅनेजरमध्ये तो जेमतेम ६ टक्के दिसतो.

स्टटर गायब. इथे खरी गंमत आहे. इम्युलेटरमधला सगळ्यात बदनाम झटका हा शेडर (कार्डावर चालणारा, चित्र रंगवायचा छोटा प्रोग्राम) कंपाइल होताना बसतो, नवा इफेक्ट पहिल्यांदा स्क्रीनवर आला की त्याचा शेडर जागच्या जागी तयार करावा लागतो आणि तेवढा वेळ फ्रेम लटकते. हे काम ड्रायव्हर सीपीयूवर करतो, कार्डाचा क्लॉक (चालण्याचा वेग) वर ठेवून त्यात फरक पडत नाही. डॉल्फिन या गेमक्यूब आणि वीच्या इम्युलेटरवाल्यांनी याच दुखण्यासाठी २०१७ मध्ये उबरशेडर (नवा शेडर तयार होईपर्यंत काम चालवणारे मोठे शेडर) आणले, पॉवर सेटिंगने भागलं असतं तर एवढा उपद्व्याप कशाला केला असता? आता होतं काय की माणूस गेम खेळतो, झटके बसतात, वैतागून बंद करतो, हे सेटिंग लावतो, परत तोच सीन खेळतो आणि यावेळी झटका नाही, कारण शेडर कॅशमध्ये (साठवणीत) आधीच बसलेत. श्रेय मात्र कंट्रोल पॅनेलला.

आता ती खरी गोष्ट. इम्युलेटर चालवताना, खास करून मूळ रिझोल्यूशनवर, तगड्या कार्डाला काम इतकं थोडं असतं की ड्रायव्हरला वाटतं हा निवांत बसलाय, आणि तो क्लॉक खाली ओढतो, मग मधेच जड सीन आला की क्लॉक वर चढेपर्यंत एखाददोन फ्रेम उशिरा येतात, परत खाली, परत वर. असं होत असेल तर 'प्रीफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' खरंच कामाला येतं आणि गेम गुळगुळीत चालतो. म्हणजे फायदा कार्ड दमलेलं असताना नाही, कार्ड झोपलेलं असताना होतो, सल्ल्यात बरोब्बर उलटं सांगितलंय. याच कारणाने "जीपीयू ९० टक्के दाखवतोय म्हणजे कार्ड कमी पडतंय" हेही लगेच मानू नका, ते ९० टक्के त्या क्षणाच्या क्लॉकवरचे असतात, ६०० मेगाहर्ट्झवर ९० टक्के आणि १९०० वर ९० टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यामुळे ओव्हरलेमध्ये (गेमवर आकडे दाखवणारी पट्टी) वापराच्या शेजारी क्लॉकचा आकडा लावल्याशिवाय निकाल देऊ नये.

पॉवर लिमिट तर सरळ निरुपयोगी. तो स्लायडर म्हणजे कमाल मर्यादा, कार्ड मर्यादेला धडकत असेल तरच वाढवून उपयोग, आणि इम्युलेटरमध्ये ते सहसा तिच्या आसपासही फिरकत नाही. उलट लिमिट खाली आणून बघा, बऱ्याच गेममध्ये कळणारही नाही. अपवाद आहेत, इंटर्नल रिझोल्यूशन ६ किंवा ८ पट, सुपरसॅम्पलिंग, पीसीएसएक्स२ चं ब्लेंडिंग अ‍ॅक्युरसी (रंग मिसळण्याची अचूकता) अगदी वर, असं काही लावलं असेल तर कार्डाला खरंच घाम फुटतो. ओळखायची सोपी पद्धत: जिथे गेम हळू होतो तिथेच रिझोल्यूशन १ पट करा. स्पीड वाढला तर दोष कार्डाचा, तसाच राहिला तर कार्डाला मोकळं सोडा.

"काही होत नाही" म्हणे. मोड ग्लोबलमध्ये (सगळ्या प्रोग्रामसाठी) लावला की नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही क्लॉक वरच अडकून राहू शकतो, वीज जाते, पंखा घुमतो, म्हणून लावायचंच तर प्रोग्राम सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त इम्युलेटरच्या एक्झी फाइलला लावा. लॅपटॉपवर तर जास्तच सांभाळून, कारण तिथे सीपीयू आणि जीपीयूचा कूलर बहुधा एकच असतो, कार्ड उगाच तापवलं तर ज्या प्रोसेसरवर सगळा खेळ आहे तोच आपला क्लॉक खाली आणतो, म्हणजे स्पीड वाढवायला गेलो आणि कमी करून आलो. त्यातही लॅपटॉपवाल्यांनी आधी इम्युलेटर नेमका कुठल्या कार्डावर चालतोय ते बघावं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स विभागात जाऊन त्याला हाय परफॉर्मन्स द्या आणि चार्जर लावा, बॅटरीवर दोघांचेही क्लॉक कापले जातात.