‘वेळ नसतो असं नसतं, इच्छा नसते’ हे साफ चूक आहे

क्लबच्या ग्रुपांवर हा मजकूर सतत फिरत असतो: ‘वेळ नसतो असं नसतं, इच्छा नसते. ज्याला क्लब आपला वाटतो तो घर-नोकरी सांभाळून येतोच. घरचेही समजून घेतात. कारणं सांगणाऱ्यांनी पदं अडवू नयेत.’ वाचायला जोरदार आहे, पण अशा बोलण्यानेच चांगली माणसं क्लबपासून तुटतात.

आधी इच्छेचं बघू. सचिवपद गळ्यात घालताना सांगतात, ‘महिन्याला दोन सभा, बाकी काही नाही.’ प्रत्यक्षात सभेची सूचना काढायची, हॉल पक्का करायचा, वक्त्याला आठवण करून द्यायची, ‘येणार का?’ याला उत्तर न देणाऱ्यांना एकेक फोन लावायचा, इतिवृत्त लिहायचं, वर्गणी थकवणाऱ्यांशी गोडीत बोलायचं. यातलं बहुतेक काम रात्री जेवणानंतर होतं, कारण बाकीचे सभासद तेव्हाच फोन उचलतात. मुलाच्या गृहपाठाची आणि आईला औषध द्यायची वेळही तीच. तिथे इच्छा दुप्पट असली तरी तास एकच असतो. अशा माणसाला ‘तुझी इच्छा नाही’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

‘येतोच’ म्हणणाऱ्यांच्या लेखी हजेरी हीच निष्ठा. रोटरी या समाजसेवी क्लबांच्या संघटनेत पूर्वी सभा दर आठवड्याला असायची आणि चुकली तर दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन ती भरून काढायची पद्धत होती. २०१६ साली रोटरीची नियम ठरवणारी परिषद भरली आणि महिन्याला किमान दोन सभा घेतल्या की पुरे, हजेरीचे नियमही क्लबने आपल्या सोयीने ठरवावेत, अशी मोकळीक मिळाली. भाषणकलेचा सराव करणाऱ्या क्लबांच्या टोस्टमास्टर्स या संघटनेत दर आठवड्याला भेटणाऱ्या क्लबांना पदाधिकारी वर्षाऐवजी सहा महिन्यांसाठीही निवडता येतात. एवढ्या जुन्या संघटना माणसाच्या आयुष्याकडे बघून नियम सैल करतात, मग आपण कशाला ताणून धरायचं?

घरचे समजून घेतात? बऱ्याचदा ते फक्त बोलत नाहीत. तुम्ही सभेला गेलात की घरचं तुमचं काम कुणीतरी उचलतंच, आणि त्याचे आभार कुठल्याच वार्षिक अहवालात छापले जात नाहीत. पद घेण्याआधी वर्षाचं कॅलेंडर घरच्यांसमोर ठेवा: परीक्षा कधी, ऑफिसातले धावपळीचे आठवडे कुठले, ठरलेलं लग्नकार्य कधी. त्यात क्लबचे मोठे कार्यक्रम बसत नसतील तर पद पुढच्या वर्षी घ्या.

राहिला पदं अडवण्याचा मुद्दा. पद अडवतो तो ‘जमत नाही’ म्हणणारा नव्हे. कमी लेखतील या भीतीने गप्प राहणारा अडवतो. खजिनदाराला जमत नाही हे हिशेब मांडायच्या आदल्या दिवशी कळलं, तर सगळ्यांचीच तारांबळ उडते. तेच तीन महिने आधी कळलं तर पावत्यांची फाईल नीट हातात देता येते, बँकेतल्या सह्या बदलता येतात, नव्या माणसाला एखादा महिना बरोबर बसवता येतं. म्हणून प्रत्येक पदाला पहिल्या दिवसापासून एक सहकारी द्यावा आणि दर तिमाहीच्या सभेत ‘कुणाला जड जातंय का?’ हा प्रश्न अध्यक्षांनी स्वतःपासून सुरुवात करून विचारावा.