खुलासा : १,५०० तासांची अट भारतातील सहवैमानिकाला नाही

नाशिकमधील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘१,५०० तासांच्या उड्डाणाशिवाय प्रादेशिक विमान कंपनी सहवैमानिक म्हणून घेत नाही, एकदा परवाना मिळाला की पगार लाखांत’ असा मजकूर फिरतो आहे. त्यातील पहिले विधान भारतापुरते चुकीचे आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहराजवळ प्रादेशिक विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर २०१३ पासून अमेरिकेने ही अट सहवैमानिकालाही लावली, आणि तीही लष्करी वैमानिकांना व ठरावीक पदवीधरांना सवलत ठेवून. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तास मागते. लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, त्यांपैकी १०० तास ‘पायलट-इन-कमांड’च्या (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेल्या वैमानिकाच्या) रकान्यात दिसावे लागतात. १,५०० तास लागतात ते एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्याला, म्हणजे पुढे कमांडर (मुख्य वैमानिक) होताना.

दुसरे विधान अधिक फसवे आहे, कारण कर्ज काढणारे पालक त्यावरच विसंबतात. परवान्यानंतरही एटीआरसारख्या छोट्या प्रवासी विमानासाठी वेगळे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची स्वतंत्र पात्रता लागते, जिचा खर्च अनेकदा उमेदवारालाच करावा लागतो. शिवाय कंपनीची निवडचाचणी असतेच. पगाराचा काही भागही प्रत्यक्ष उड्डाणतासांवर अवलंबून असतो.